'वन ऑफ वन' म्हणजे किती? स्पोर्ट्स कारचं फॅक्टरी स्पेक किती दुर्मिळ आहे ते शोधताना

विक्रीला आलेल्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातींत 'वन ऑफ वन', म्हणजे 'अशी ही एकच', हे शब्द इतके स्वस्त झालेत, की जुने शौकीन ते वाचून पुढे सरकतात. गंमत अशी की हा दावा बहुतेक वेळा खोटा नसतो. खराच असतो, फक्त त्यातून फारसं काही कळत नाही.

साधा हिशेब करून बघा. समजा, एका मॉडेलला १० रंग आहेत, इंटिरियरचे ५ प्रकार, २ गिअरबॉक्स, ४ तऱ्हेची चाकं आणि ३ तऱ्हेच्या सीट. झाली १,२०० कॉम्बिनेशन्स. त्यावर घेतल्या तर घेतल्या अशा पाच गोष्टी ठेवा: सनरूफ, वरच्या दर्जाची ऑडिओ सिस्टीम, कार्बन सिरॅमिक ब्रेक, नाक उचलणारी लिफ्ट, रंगीत सीटबेल्ट. आकडा गेला ३८,४०० वर. आता ते मॉडेल एकूण २,००० च बनलं असेल, तर त्यातल्या पुष्कळ गाड्या काहीही न करता 'एकमेव' ठरतात. लोकांची आवड चार-दोन रंगांवरच एकवटते, त्यामुळे काही जुळ्या गाड्या निघतात इतकंच. डॉजने तर २०१५ च्या व्हायपर जीटीसीसाठी 'वन ऑफ वन' नावाची योजनाच काढली होती: तुम्ही ठरवलेलं स्पेक (रंग, इंटिरियर, ऑप्शन्स यांची जुळणी) त्या मॉडेल वर्षात दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. म्हणजे एकमेवपण हाही फॅक्टरीने विकलेला एक ऑप्शनच.

म्हणून 'माझ्यासारख्या किती आहेत' एवढंच विचारून भागत नाही. किती अटी लावल्यावर तो आकडा लहान झाला, हे सोबत विचारावं लागतं. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या, डावखुऱ्या मुलांमध्ये कोणीही पहिला येऊ शकतो. एक-दोन अटींतच आकडा लहान झाला तर गाडी खरी दुर्मिळ. सात अटी लागल्या तर ती फक्त वेगळी आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकासाठी आहेत.

पायरी १: चासी नंबर वाचा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका

अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल वर्षापासून चासी नंबर, म्हणजे व्हीआयएन, १७ अक्षर-आकड्यांचा ठरला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत, कारण ती १ आणि ० शी गल्लत करतात. कोणी पाठवलेल्या नंबरात ओ दिसला तर तो चुकीचा उतरवलाय, हे लगेच समजा. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची असतात: डब्ल्यूपी० ही पोर्शेची स्पोर्ट्स कार, झेडएफएफ म्हणजे फेरारी, एसबीएम म्हणजे मॅकलारेन, डब्ल्यूबीएस म्हणजे बीएमडब्ल्यूचा एम विभाग.

उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत नववं अक्षर ताळा घेण्यासाठी असतं, दहावं मॉडेल वर्ष सांगतं आणि अकरावं कारखाना. बाकी जगासाठीच्या गाड्यांत हे सगळं पाळलेलं असेलच असं नाही. तिथल्या पोर्शेच्या नंबरात डब्ल्यूपी० नंतर झेडझेडझेड दिसतं, ती फक्त भरताड अक्षरं आहेत. नवखे लोक त्यांचा अर्थ शोधत बसतात.

चासी नंबरातून मॉडेल, बॉडी, कधी इंजिन, वर्ष आणि अनुक्रमांक कळतो. रंग, सीट, चाकं, ऑप्शन्स यांतलं साधारणपणे काहीही त्यात नसतं. एखादी वेबसाइट फक्त नंबर टाकल्यावर सगळी ऑप्शन्स दाखवत असेल, तर ती कंपनीच्या नोंदीतून दाखवतेय की त्या मॉडेलची सर्वसाधारण यादी चिकटवतेय, ते आधी बघा. ओळख सोपी आहे: 'उपलब्ध' आणि 'बसवलेलं' यांत फरक न करणारी यादी कामाची नाही.

आणखी एक. शेवटच्या अनुक्रमांकांची वजाबाकी करून 'इतक्याच बनल्या' म्हणू नका. एकच मालिका कधी अनेक मॉडेल्समध्ये वाटलेली असते, कधी मधले आकडे सोडलेले असतात. फेरारीने कित्येक वर्षं रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक दिले आणि आपल्याच डिनो या मालिकेला सम. तिथे वजाबाकी केलीत तर उत्तर जवळपास दुप्पट येईल.

पायरी २: गाडीवरचं कोडचं स्टिकर किंवा प्लेट शोधा

खरी माहिती इथे असते. जागा कंपनीप्रमाणे बदलते.

पोर्शेच्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या) ९११ च्या शेवटच्या पिढ्यांत ऑप्शन कोडचं स्टिकर पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं आणि तसंच एक मेंटेनन्स बुकात. त्यावर चासी नंबर, पेंट कोड, इंटिरियर कोड आणि ऑप्शन्सचे तीन आकडी कोड असतात. देशाचा कोडही असतो: सी०० जर्मनी, सी०२ अमेरिका, सी१६ ब्रिटन. हा देशाचा कोड पुढे फार उपयोगी पडतो, तो लगेच टिपून ठेवा.

शेव्हरलेने ऑप्शन्सना आरपीओ (रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन) नावाचे तीन अक्षर-आकड्यांचे कोड दिले. नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये ते स्टिकर ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा मागच्या कप्प्याच्या झाकणाखाली सापडतं. १९६७ ते १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये मात्र बिल्ड शीटची, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्या यादीची, एक प्रत पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेली असायची. पन्नास वर्षांच्या धुळीनंतर त्यातली पुष्कळशी कुजलेली असतात, पण टाकी उतरवण्याची वेळ आलीच तर कागदाला हात लावण्याआधी फोटो काढा.

डॉज आणि प्लिमथच्या मसल कार्समध्ये इंजिन बेमध्ये फेंडर टॅग नावाची छोटी पत्र्याची पट्टी असते आणि सीटच्या स्प्रिंगांत खोचलेली ब्रॉडकास्ट शीट. कारखान्यातल्या कामगारांना कुठला भाग बसवायचा ते सांगणारा हा कागद काम झालं की तिथेच राहायचा, म्हणून तो आज सोन्याच्या मोलाचा. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये इंजिन बेमधल्या प्लेटवर मॉडेल कोड, रंग आणि ट्रिम असतं. तिच्या आर३४ या पिढीवर एलव्ही४ दिसला तर रंग मिडनाइट पर्पल २, एलएक्स० दिसला तर मिडनाइट पर्पल ३.

अमेरिकेत विकलेल्या नव्या गाडीच्या काचेवर मन्रोनी स्टिकर असतं. १९५८ च्या कायद्याने ते सक्तीचं झालं आणि सिनेटर माइक मन्रोनी यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यावर मूळ किंमत आणि प्रत्येक ऑप्शनची वेगळी किंमत छापलेली असते. मूळ कागद हाताशी असेल तर अर्धं काम झालं. पण 'मूळ स्टिकर' म्हणून आज नव्याने छापलेलेही फिरतात, हे लक्षात असू द्या.

पायरी ३: कोड त्याच वर्षीच्या यादीशी लावा

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात. तोच कोड दोन वर्षांनी दुसऱ्याच गोष्टीसाठी वापरलेला सापडतो. म्हणून गाडी कुठल्या मॉडेल वर्षाची आहे ते पक्कं करा (कॅलेंडर वर्ष वेगळं, मॉडेल वर्ष वेगळं, ऑक्टोबरमध्ये बनलेली गाडी बहुधा पुढच्या वर्षाची) आणि त्या वर्षाची, त्या बाजारपेठेची ऑर्डर गाइड किंवा प्राइस लिस्ट मिळवा. डीलरसाठीची ऑर्डर गाइड ग्राहकांच्या चकचकीत ब्रोशरपेक्षा कैक पटीने उपयोगी. काय काय एकत्र मिळत होतं, काय मिळत नव्हतं, कुठला ऑप्शन घेतल्यावर दुसरा सक्तीने यायचा, हे सगळं तिच्यात असतं.

कोडांची यादी उलगडली की प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे त्या मॉडेलला स्टँडर्ड होतं, पॅकेजबरोबर आपोआप आलं, की कोणीतरी मुद्दाम मागवलं? दुर्मिळपणाच्या हिशेबात फक्त तिसऱ्या गटाला जागा आहे. पॅकेजमधल्या सहा गोष्टी सहा वेगळ्या अटी म्हणून मोजणं ही विक्रेत्यांची आवडती हातचलाखी.

खास रंगांचं थोडं वेगळं आहे. पोर्शेच्या पेंट टू सॅम्पल, म्हणजे ग्राहकाने सांगितलेल्या रंगाच्या, गाड्यांवर अनेकदा खास रंगासाठीचा सरसकट कोड असतो. रंग यादीबाहेरचा आहे एवढं त्यातून कळतं, नेमका कुठला ते कळत नाही. अशा वेळी पुढच्या पायरीला पर्याय नाही.

पायरी ४: फॅक्टरीच्या नोंदीतला कागद मागवा

प्रत्येक कंपनीकडे काय उरलंय आणि ती काय द्यायला तयार आहे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोर्डच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट. फोर्डने आपला उत्पादनाचा डेटाबेस केव्हिन मार्टी यांना परवान्यावर दिला. तो १९६७ च्या मॉडेल वर्षापासूनचा आहे. फोर्डचे मालक ही सगळ्यात भाग्यवान मंडळी, कारण महागड्या रिपोर्टात तुमच्या गाडीच्या स्पेकबरोबर उत्पादनाचे आकडेही मिळतात: या बॉडीच्या इतक्या, त्यात या इंजिनाच्या इतक्या, त्यात या रंगाच्या इतक्या, असं करत खाली एकपर्यंत. शेवटच्या ओळीतला एक बघून नाचू नका. आकडा कितव्या ओळीला कोसळला ते बघा. दुसऱ्या ओळीलाच ४० वर आला असेल तर ती गाडी जपण्यासारखी. आठव्या ओळीपर्यंत शेकड्यांत असेल आणि घड्याळाच्या ऑप्शनवर एक झाला असेल, तर तो एक विसरून जा.

पॉन्टिअॅकसाठी पीएचएस ही जुन्या नोंदी सांभाळणारी संस्था फॅक्टरीच्या इन्व्हॉइसची प्रत देते. कॉर्व्हेटसाठी एनसीआरएस या कॉर्व्हेटप्रेमींच्या संस्थेचा शिपिंग डेटा रिपोर्ट मिळतो, पण तो गाडी कधी बनली आणि कुठल्या डीलरकडे गेली तेवढंच सांगतो. ऑप्शन्सचा पुरावा म्हणून तो दाखवला जातो, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. पोर्शे मूळ स्पेक सांगणारा कागद देते. फेरारीचा क्लासिके विभाग गाडी मारानेलोच्या (फेरारीच्या मुख्यालयाच्या) नोंदींशी ताडून प्रमाणपत्र देतो, लॅम्बोर्गिनीत तेच काम पोलो स्टोरिकोकडे आहे. जुन्या मर्सिडीजला डेटा कार्ड असतं. एमजी, ऑस्टिन-हीली अशा ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम हेरिटेज सर्टिफिकेट देतं.

फोर्डसारखा अपवाद सोडला तर हे कागद तुमच्या गाडीबद्दल बोलतात, तिच्या भावंडांबद्दल नाही. 'कंपनीचं सर्टिफिकेट आहे म्हणजे दुर्मिळ आहे' असं कोणी म्हणालं, तर सर्टिफिकेटात संख्या कुठे लिहिलीय ते दाखवायला सांगा.

पायरी ५: छेद ठरवा

'माझी गाडी ५० पैकी एक.' हे ५० कशातले? सगळ्या जगातले, एका देशातले, एका वर्षातले, फक्त कूपे (पक्क्या छताच्या), फक्त उजव्या स्टिअरिंगच्या? शाळेतल्या अपूर्णांकात छेद लिहिला नाही तर मार्क मिळायचे नाहीत. इथेही तोच नियम लावा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७. शर्यतीत उतरवण्यासाठी ५०० गाड्या बनवणं भाग होतं, मागणी इतकी आली की एकूण १,५८० बनल्या. आता ऑप्शन कोड बघा. एम४७१ म्हणजे हलकी स्पोर्ट: २००. एम४७२ म्हणजे टूरिंग: १,३०८. उरलेल्यांत ५५ शर्यतीच्या आरएसआर आणि १७ होमोलोगेशनच्या, म्हणजे शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठीच्या, अगदी मोजक्या सामानाच्या. कोडातला शेवटचा एक आकडा बदलला की २०० चं घर सोडून १,३०८ च्या घरात जावं लागतं. इथे अट एकच आहे, ती फॅक्टरीने स्वतः घातलेली आहे, आणि तिच्यामुळे गाडीचं वजन, आतलं सामान, स्वभाव सगळं बदलतं. दुर्मिळपणा असा असावा. 'टूरिंग, या रंगाची, सनरूफवाली, या देशात गेलेली' अशी चार पायऱ्यांची शिडी चढून मिळालेला लहान आकडा याच्या शेजारी बसू शकत नाही.

छेद लहान असला की स्पेकही दुर्मिळ, असंही नाही. १९५३ च्या कॉर्व्हेट फक्त ३०० बनल्या, पण सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. त्या वर्षात 'दुर्मिळ रंग' नावाचा प्रकारच नाही. कोणी निळी दाखवली तर ती नंतर रंगवलेली. तसंच २०१६ ची ९११ आर ९९१ गाड्यांची आवृत्ती होती आणि प्रत्येकीवर क्रमांक आहे. तो क्रमांक आवृत्तीतली जागा सांगतो. तुमच्या गाडीचं स्पेक त्या ९९१ मध्ये कितीजणांनी घेतलं, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न.

बनलेल्या आणि उरलेल्या यांचीही सरमिसळ करू नका. ब्रिटनमध्ये हाऊ मेनी लेफ्ट ही साइट वाहन नोंदणी खात्याच्या आकड्यांवरून रस्त्यावर किती आणि बंद ठेवलेल्या किती ते दाखवते. फार उपयोगी, पण मॉडेलच्या नावापर्यंतच. खात्याच्या नोंदीत नाव ढोबळ लिहिलं असेल तर खास आवृत्ती साध्या मॉडेलच्या ढिगात मिसळून जाते.

पायरी ६: अंश मोजा

नशीब असेल तर कंपनीनेच ऑप्शनवार आकडे प्रसिद्ध केलेले असतात. कॉर्व्हेट याबाबतीत लाडावलेली आहे. १९९६ ची ग्रँड स्पोर्ट: १,००० गाड्या, त्यात ८१० कूपे, १९० कन्व्हर्टिबल (छत उघडणाऱ्या). काम संपलं. १९६३ साली एकूण २१,५१३ कॉर्व्हेट बनल्या आणि त्यात एअर कंडिशनर होता फक्त २७८ मध्ये. आज जो ऑप्शन कोणी ऑप्शन समजत नाही, तो तेव्हा चणाक्ष नजरेने शोधावा असा.

पण या याद्या एकेका ऑप्शनचा आकडा देतात, दोन ऑप्शन्स एकत्र किती गाड्यांत होते ते सांगत नाहीत. इथे नवखा माणूस कॅल्क्युलेटर काढतो आणि टक्केवारीला टक्केवारीने गुणतो. ते का चुकतं ते त्याच १९६३ च्या यादीत बघा.

झेड०६ हे शर्यतीचं पॅकेज १९९ गाड्यांत होतं. फ्युएल इंजेक्शनचं एल८४ इंजिन २,६१० गाड्यांत. दोन्ही एकत्र किती? गुणाकाराने उत्तर येतं: १९९ गुणिले २,६१० भागिले २१,५१३, म्हणजे २४ च्या आसपास. खरं उत्तर १९९. कारण झेड०६ घ्यायचं तर एल८४ इंजिन घ्यावंच लागायचं. गुणाकाराने गाडी आठपट दुर्मिळ करून टाकली. उलटंही घडतं: दोन ऑप्शन्स एकत्र मिळतच नसतील तर खरं उत्तर शून्य, आणि गुणाकार मात्र काहीतरी आकडा देऊन मोकळा. सक्ती किंवा बंदी नसतानाही आवडी एकमेकांना धरून असतात. मॅन्युअल गिअरबॉक्स मागणारा माणूस हलक्या सीट्सही मागतो. म्हणून एकट्या-एकट्या ऑप्शनच्या आकड्यांवरून जोडीचा आकडा काढू नका. त्यातून फार तर वरची मर्यादा कळते: जोडी दोघांतल्या लहान आकड्यापेक्षा मोठी असू शकत नाही.

कंपनीचे आकडे नसतील तर मालकांच्या क्लबांनी ठेवलेल्या रजिस्ट्रीवर (गाड्यांच्या नोंदवहीवर) भिस्त ठेवावी लागते. रजिस्ट्री नसेल तर ती स्वतः बनवायला घ्या. लिलावाचे निकाल, जुन्या जाहिराती, मेळाव्यांतले फोटो यांतून एकेक गाडी एका तक्त्यात भरायची: चासी नंबर, पेंट कोड, इंटिरियर, गिअरबॉक्स, देश, माहिती कुठून मिळाली. तक्त्याचा पहिला रकाना चासी नंबरचाच हवा, कारण तीच गाडी तीन मालकांच्या हाती तीनदा विकली जाते आणि तीनदा मोजली जाते. रंग कोडाने लिहा. विक्रेत्याच्या लेखी राखाडीच्या चार छटा म्हणजे 'सिल्व्हर'.

आता अंदाज. समजा, १,५०० गाड्या बनल्या आणि तुमच्या तक्त्यात ३०० आहेत, म्हणजे पाचात एक. त्यात तुम्हाला हवं ते स्पेक ६ गाड्यांत सापडलं. सरळ हिशेबाने एकूण ३०. पण इतक्या छोट्या आकड्यावर डुलायला जागा खूप असते. १५ ते ६० यांच्या दरम्यान काहीही असू शकतं, म्हणून '३० च्या आसपास' म्हणतानाही हात थोडा आखडता ठेवा.

आणि तक्त्यात दुसरी एकही सापडली नाही तर? तेव्हा 'वन ऑफ वन' म्हणायचा मोह सगळ्यात जास्त होतो. पाचात एक गाडी नोंदलेली असेल, तर तशा आणखी तीन गाड्या जगात असल्या तरी त्यातली एकही तक्त्यात न येण्याची शक्यता निम्मी आहे. दहा असल्या तरी ती दहात एक उरते. म्हणून इथे प्रामाणिक वाक्य एवढंच: 'नोंदलेल्या ३०० मध्ये दुसरी आढळली नाही.'

तक्ता सरसकट नमुना नसतो, ही आणखी एक अडचण. विचित्र रंगाची गाडी लगेच फोटोत येते, लिलावात कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर जाते, क्लबात नोंदवली जाते. साधी काळी गाडी गॅरेजात पडून राहते. त्यामुळे रजिस्ट्रीवरून काढलेल्या अंदाजात दुर्मिळ स्पेक खऱ्यापेक्षा जरा जास्तच भरतं. दोन वेगळ्या मार्गांनी मिळवलेले तक्ते ताडून बघितले, तर हा झोल किती मोठा आहे ते थोडंफार दिसतं.

पायरी ७: गाडी कागदाला जुळते का ते बघा

कागद दुर्मिळ स्पेकचा आणि गाडी दुसऱ्याच अवताराची, किंवा गाडी दुर्मिळ दिसते आणि कागद साध्या गाडीचा, असं दोन्ही होतं. किती साध्या ९११ ना आजवर आरएसचं मागचं डकटेल शेपूट लागलं असेल, याची गणतीच नाही. फेंडर टॅग नव्याने ठोकून मिळतात, स्टिकर छापून मिळतात.

रंग तपासायचा तर दाराच्या रबराखाली, डिकीच्या कोपऱ्यात, कार्पेट उचलून बघा. रंगारी तिथवर फारसा पोहोचत नाही. पेंटची जाडी मोजणारं यंत्र कामाचं आहे, पण नेहमीचं यंत्र धातूवरच चालतं. कॉर्व्हेटच्या फायबरग्लास बॉडीवर ते गप्प बसतं, तिथे अल्ट्रासॉनिक लागतं. काचांवरचे आणि सीटबेल्टच्या लेबलांवरचे तारखेचे कोड गाडी बनल्याच्या तारखेच्या थोडे आधीचे असायला हवेत. नंतरचे असतील तर भाग बदललाय. त्यात गैर काही नाही, पण विचारायला हवं.

डीलरने बसवलेली वस्तू फॅक्टरीच्या कागदावर येत नाही. ती त्याच कंपनीची, त्याच डब्यातली असली तरी फॅक्टरी स्पेकच्या हिशेबात तिला धरायचं नाही. मूळ चाकं बदलून नंतर महागडी चाकं घातलेल्या गाडीला 'या चाकांसह एकमेव' म्हणणारे कमी नाहीत.

पायरी ८: दावा लिहायचा कसा

छेद, अटी आणि माहिती कुठून आली, हे तिन्ही वाक्यात आले पाहिजेत. '१९९६ ग्रँड स्पोर्ट, १,००० पैकी १९० कन्व्हर्टिबलांतली एक, कंपनीच्या आकड्यांनुसार' हे चांगलं वाक्य. 'अत्यंत दुर्मिळ, कलेक्टरसाठी संधी' हे वाक्यच नव्हे. अटी लिहिताना मोठीपासून छोटीकडे या: आधी बॉडी आणि इंजिन, मग गिअरबॉक्स, मग रंग, शेवटी बारीकसारीक. वाचणाऱ्याला जिथे थांबावंसं वाटेल तिथला आकडा त्याला मिळतो.

किमतीची गोष्ट वेगळी आहे, पण तिच्यापासून सुटका नाही म्हणून सांगतो: पुष्कळ स्पेक दुर्मिळ असतात कारण ती तेव्हा कोणाला आवडली नाहीत, आणि त्यातली बरीचशी आजही आवडत नाहीत. एका अटीत मिळालेला लहान आकडा, आणि ती अट चालवताना जाणवणारी (इंजिन, गिअरबॉक्स, वजन), एवढं जमलं तर बाजार दखल घेतो. रंगाचं पारडं फॅशनप्रमाणे वर-खाली होत राहतं.

शोध जाहीर करताना दुसऱ्यांच्या गाड्यांचे चासी नंबर पूर्ण छापू नका, शेवटचे तीन-चार आकडे झाका. मालकांची नावं तर नकोतच. खाली तारीख टाका. तक्ता वाढत जातो, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी गॅरेजातून तुमच्या गाडीची जुळी बहीण बाहेर आली, की जुना आकडा खोडून त्याच ओळीत नवा लिहा.